म्हैस पुसायची राहिली

मुळशीतल्या एका गावात मी भाड्याने राहते. गाव पिरंगुटच्या अलीकडे की पलीकडे ते सांगणार नाही, माणसांच्या खुणाही थोड्या बदलल्यात, का ते पुढे कळेलच. नोकरी आयटीतली, माहेर मराठवाड्यात, आणि बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून ब्लॉग लिहिते. खड्डे, कचरा, बुजवलेले ओढे, जे दिसेल ते. वाचणारे थोडे, चिडणारे भरपूर!

माझ्या घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते. एका सकाळी त्या म्हैस घेऊन ओढ्यावर गेल्या, तर वरच्या अंगाच्या कारखान्याचा टँकर ओढ्यात काळंनिळं पाणी सोडत होता. त्यांनी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि थेट माझ्या दारात हजर.

"छाप ह्ये. पर माजं नाव न्हाई घ्यायचं हां. पोरगा तितंच कामाला हाय."

मुलगा कंत्राटावर. आईचं नाव फुटलं असतं तर त्याला गेटवरूनच परत पाठवला असता. मी शब्द दिला. फोटोत मावशींची सावली पडली होती, ती पुसली. त्यांच्या शेताचं कुंपण धूसर केलं. फाइलमध्ये जागा-वेळेची लपलेली माहिती असते, तीही काढून टाकली. एवढं तर आपल्याला येतंच की! मग फोटो टाकला, आणि संध्याकाळपर्यंत तो पार ताम्हिणीच्या ढाब्यांवर पोचला.

कारखान्याने पोलिसांत तक्रार दिली. आमची बदनामी झाली, फोटो काढणारा शोधा. मी बावधनच्या वकील मैत्रिणीला फोन लावला. मला वाटत होतं, पत्रकारांसाठी एखादा कायदा असेलच, तो दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. ती हसायलाच लागली.

"अगं बाई, मोठ्या पेपरच्या बातमीदाराला कोर्टाने विचारलं, तर त्यालासुद्धा माहिती देणाऱ्याचं नाव लपवायचा पक्का हक्क आपल्याकडे नाही. तू तर हौशी ब्लॉगवाली!"

"मग करू काय?"

"गप्प बस. जमेल?"

डोंबलाचं जमतंय! पण ठरवलं.

हवालदार घरीच आले. शेजारच्याच गावचे. मावशींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. हवालदारांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्याच्या एका कोपऱ्यावर नजर थांबवली. तिथे म्हैस उभी होती.

कारखान्यातल्या साहेबांना म्हैस म्हणजे म्हैस. खरं सांगायचं तर मलाही. पण इथली माणसं शिंगांच्या वळणावरून कुणाचं जनावर ते लांबून सांगतात. सावली पुसली, कुंपण पुसलं, आणि म्हैस जशीच्या तशी! अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे. त्या शिंगांचं वर्णन मी इथेही करत नाही, एकदा पोळलं तेवढं पुरे.

हवालदारांनी म्हशीकडे बघितलं, मग दारातून गोठ्याकडे, मग मावशींकडे. बशीत चहा ओतला.

"मॅडम, फोटो कुणी दिला?"

"सांगणार नाही."

"ठाण्यात यावं लागंल. केस झाली तर नोकरीला बी अडचण यील."

"येऊ दे."

त्यांनी 'माहिती देण्यास नकार' असं लिहिलं, माझी सही घेतली. उठताना हळूच म्हणाले, "मला ठावं असणं येगळं, तुमी सांगणं येगळं. तुमी सांगितलं की मला लिवावंच लागतंय. तवा ठाण्यात बी ह्येच सांगा."

ते गेले. मावशी आत आल्या.

"मी येते संगं ठाण्यात. लई तरास दिला तर माजं नाव सांग आन मोकळी हो."

"आणि दादाचं काम?"

"धडधाकट हाय त्यो, लागंल दुसरीकडं. पर तुजी आई इचारंल मला, माजी पोर तुमच्या भरवशावर ठिवली व्हती म्हणून. तवा म्या काय सांगू तिला?"

मी ओट्याला धरून हमसून हमसून रडले. मग तोंड धुतलं, मावशींना घरीच बसवलं आणि ठाण्यात एकटी गेले.