एका खडकातल्या दोन विहिरी

चंद्राबाईंनी तव्यावर पहिली भाकरी टाकली आणि दाराची कडी वाजली. दारात हरिबा. डोळे तांबारलेले, खांद्यावरच्या पोत्यात सुरुंगाच्या कांड्या. एकोणपन्नासची दिवाळी तोंडावर आली होती. अमेरिकेसारखा बॉम्ब रशियानंही उडवल्याची बातमी आष्ट्याच्या बाजारात नुकतीच चघळून झाली होती.

हरिबा आणि आप्पासो चुलतभाऊ. दोघांच्या विहिरी एकाच खडकात, मध्ये खडकाचीच एवढीशी पडदी. पाण्यावरून बोलणं तुटलं, आप्पासोनं सुरुंग आणला, म्हणून यानंही आणला. आता हरिबाचं म्हणणं, आप्पासोनं आपली विहीर उडवायच्या आत आपण त्याची उडवू. बत्ती मात्र लालासाहेबांनी लावावी. लालासाहेब म्हणजे चंद्राबाईंचे मालक. पलटणीतून सुटून आल्यापासून आसपासच्या विहिरींचे बार तेच उडवत.

"काल आप्पासोबी हेच सांगून गेला," लालासाहेब म्हणाले. "त्येलाबी आजच उडवायचंय."

हरिबाचं तोंड उतरलं. तव्यावरची भाकरी करपली. खडक एक, झरा एक. एक विहीर फुटली की दुसरी आटणार आणि सगळ्या वस्तीला प्यायला थेंब उरणार नाही. लालासाहेब हरिबाला घेऊन विहिरीकडे निघाले, तशा चंद्राबाईही तवा उतरवून त्यांच्या मागोमाग निघाल्या.

आप्पासो विहिरीवर येऊन बसलेलाच होता, हातात काडेपेटी. उसाचं पान हलत नव्हतं, एक पाखरू बोलत नव्हतं. लालासाहेब मधल्या पडदीवर बसले आणि बायकोलाही कधी न सांगितलेलं सांगू लागले. जपानात, बॉम्ब पडलेल्या गावात, पलटण पहाऱ्यावर होती. तिथं एका दगडी पायरीवर बसलेल्या माणसाची सावली बॉम्बच्या उजेडानं दगडात उमटून राहिली होती. माणूस नव्हता.

"ऊन सरकायचं. ती न्हाई सरकायची," ते म्हणाले. "आमी कडंकडंनं जायचो. तिच्यावर पाय द्यायला धजत नव्हतं कुणी."

ऊन वर आलं. खडकावर तिघांच्या सावल्या पडल्या आणि त्या हलतात का, हे चंद्राबाई बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं आप्पासोनं काडेपेटी खिशात घातली. हरिबानं पोत्याचं तोंड आवळलं. कांड्या मात्र कुणीच टाकून दिल्या नाहीत, आणि लालासाहेबांनीही त्या मागितल्या नाहीत.

"बार उडवताना लांब व्हा म्हणून आपण हाळी देतोच," ते उठता उठता म्हणाले. "माझं एवढंच मागणं हाय. कुणाच्याबी मनात आलं, तर आदी पलीकडच्याला नावानं हाक मारा. त्यानं ओ दिली, की मग बत्ती लावा."