पाऱ्याचं पुढचं घर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नोकरीच मालवण बंदरावर वायुभारमापक वाचायची... नळीत पारा जिथे दिसेल तेवढंच खरं. तरी हे लिहितोय, कारण ताई गेल्या महिन्यात गेली. तो आवाज ऐकलेला आता मी एकटाच उरलो.

परवा नातू C या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम दाखवत होता. दशांश आकडा आत पूर्ण असतो म्हणे, पण त्याचा मजकूर करताना किती घरं ठेवायची ते आपण सांगायचं. "एकच ठेवलंय, आजोबा. पुढचं कोण बघतं?"

मला तिथे बसवेना.

साठच्या दशकातली गोष्ट. तारेने वेधशाळेला पूर्ण आकडा जायचा. बंदरावरच्या फळ्यावर मात्र मी तो अक्षरांत लिहायचो — दशांशाचं एकच घर ठेवून, पुढचं कापून. पद्धतच तशी होती. ताईचे यजमान, भिवा भावोजी, मासेमारी करत. त्यांना वाचता येत नसे. होडी लोटण्याआधी ते मला फळा वाचायला लावत.

त्या दुपारी पारा २९.६० इंचांवर होता. आदल्या दुपारी २९.६९. आमच्या किनाऱ्यावर एवढी घसरण म्हणजे धोका. पण फळ्यावर दोन्ही दिवस तेच: एकोणतीस पूर्णांक सहा.

"बाबल्या, तेच्या फुडे काय नाय?" भावोजींनी विचारलं.

"नाय. कालचोच आकडो," मी फळ्याकडे बघत म्हणालो.

"मगे पारो पण तुझ्यासारखो सरकारी नोकर! जाग्यावरसून हलणा नाय."

हसत गेले. संध्याकाळी वादळ आलं. बाकीच्या होड्या कशाबशा आचऱ्याच्या किनाऱ्याला लागल्या. भावोजींची नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात, मी फळा लिहीत होतो. ताई कालपासून धक्क्याच्या पायरीवर बसून होती. मी सवयीने मोठ्याने वाचलं, "एकोणतीस पूर्णांक सात."

"तेच्या फुडे काय नाय?"

अगदी पाठीमागून. वळलो — कोणी नाही. पण ताई धावत येत होती, चेहरा उजळलेला.

"बाबल्या, ते इले! आवाज आयकलंस मां? काय म्हणत होते?"

तिला आवाज ओळखू आला होता, शब्द नाही. मला शब्दही.

"कळाक नाय," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं, तर ते कशासाठी आले होते, मी त्यांना काय सांगितलं नव्हतं, हे तिला कळलं असतं. त्या एका हाकेवर तिने जन्म काढला. कुंकू पुसलं नाही, रोज त्यांचं ताट वाढलं... आणि मी समोर बसून जेवलो.

वारा म्हणावा, तर वाऱ्याला तिने नवऱ्याचा आवाज म्हटलं नसतं. भास म्हणावा, तर दोघांना एकदम कसा? माझ्याकडे खुलासा नाही.

फक्त उत्तर आहे. आवाज आला त्या दुपारी पारा २९.७८ वर होता.

आठ, भावोजी. फुडे आठ होते.