थोरला आत गेला का?

गुरांना लस टोचणं ही माझी नोकरी, आणि रविवारी जुन्नरच्या चर्चमध्ये मुलांना गोष्टी सांगणं हा वीस वर्षांचा नाद. उपदेश ऐकताना मोठी माणसं पेंगतात, हे मी पाहिलेलं आहे. गोष्ट चालू असताना पेंगणारं मूल मला अजून भेटायचं आहे. तरी गोष्टी मुलांसाठीच असतात, असा माझा ठाम समज होता.

त्या वर्षी ईस्टरला माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांनी कळंबला आईकडे परत आला. वडिलांच्या मातीलाही तो आला नव्हता. आईनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही, उलट कोंबडी कापली. उपासनेनंतर दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायचो, ते बंद केलं. फोनवर सांगायचो, काम आहे. सहा रविवार काम होतं.

अशात तळेघरच्या वरच्या वाडीत लसीकरणाला गेलो. काम दुपारीच उरकलं, एसटी मात्र संध्याकाळची. जिच्या ओट्यावर टेकलो होतो ती म्हातारी पेरणीसाठी भाताचं बी पाखडत होती. म्हणाली, "डाक्टर, तुमी किरिस्ताव नव्हं? तुमच्या देवाची एखांदी गोष्ट सांगा की."

बापाकडून वाटा घेऊन गेलेला, सगळं उडवून परत आलेला धाकटा मुलगा, ही येशूनं सांगितलेली गोष्ट मला झोपेतही सांगता येते. त्यात बाप आनंदानं पुष्ट वासरू कापतो. तिच्या गाईला नुकतीच सुई टोचून मी वासराचं नाव कुठल्या तोंडानं काढणार? बोकड केला. मुलांना सांगताना मी इथंच थांबतो. पण एसटीला वेळ होता, म्हणून पुढचंही सांगितलं. थोरला शेतातून येतो, रागानं आत जात नाही, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो.

"मंग? थोरला आत गेला का?"

"ते गोष्टीत सांगितलेलं नाही."

तिचं सूप थांबलं. त्या वाडीत रीत अशी, की लग्नात भावकीतला कुणी रुसून बाहेर बसला, तर तो पानावर येईपर्यंत पंगतीत कुणी घास उचलत नाही. सगळ्या जगात असंच चालतं, असं तिनं धरलं होतं.

"म्हंजी बोकड शिजल्याला, आन् समदं घर उपाशी," ती म्हणाली. "लई वाईट केलं थोरल्यानं."

गोष्टीतल्या घरात वाजंत्री चालली होती, लोक जेवले असतील, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं मी मनातून थोरल्याचीच बाजू घेत आलो होतो. त्याच्या हट्टापायी दुसरं कुणी उपाशी असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली.

रविवारी कळंबला गेलो. दार भावानं उघडलं. माझा राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही.

"लवकर बस," तो हळूच म्हणाला. "तू येईनासा झालास तशी आई रविवारची जेवतच नाही. पाणी पिऊन पडते."

एरवी आई आम्हाला वाढून मागाहून बसायची. त्या दिवशी तिनं तीन ताटं एकदमच घेतली, आमच्या मध्ये बसली, आणि दोनदा भात घेतला.