फसलेल्या प्रयोगांना एक हॉल

आमची अंतराळ-अभियांत्रिकीची परिषद वर्षातून दोनच दिवस भरते. पण किस्से वर्षभर पिकतात! पेपर सर्व्हरवर जातात, किस्से टपरीवर. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "हे लिहून ठेव गं." म्हणून यंदाचे ठेवतेय.

*

आयोजन समितीत मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात घाईची. आलेले पेपर वाचून माझं डोकं फिरलं होतं. एकूण एक यशस्वी! एकाचंही रॉकेट कधी पडत नाही. मग शिकायचं कशातून?

मी बैठकीत म्हटलं, "एक सत्र फक्त फसलेल्या प्रयोगांचं ठेवू."

आमचे अध्यक्ष कुंटे सर. रॉकेटच्या मोटरी तपासण्यात हयात गेली, आता निवृत्त. चष्म्यावरून बघत म्हणाले, "लग्नपत्रिकेत घटस्फोटाची तारीख छापतात का हो?"

सगळे हसले. मी हटले नाही. शेवटी सरच म्हणाले, "तीन पेपर आले तर सत्र. दोनच आले तर चहा लवकर."

*

पहिला पेपर आला आणि पाठोपाठ लेखकाचा फोन.

"मॅडम, शीर्षकातला 'फसलेला' काढता येईल? 'अपेक्षेपेक्षा वेगळं यश' कसं वाटतं?"

"तुमचं इंजिन चाचणीत फुटलं ना?"

"हो, पण काय सुरेख फुटलं!"

शीर्षक तेच राहिलं. एक झाला.

*

समितीतला माझा मित्र तन्वीर. त्याच्या अब्बूंचं हडपसरला वर्कशॉप आहे. एका कॉलेजच्या रॉकेटसाठी त्यांनी व्हॉल्व्ह बनवला होता. तो भर चाचणीत गळला. मी तन्वीरबरोबर वर्कशॉप गाठलं.

"बेटा, लिहिणं तुमचं काम," अब्बू म्हणाले. "चूक कुठं झाली ते मी दाखवतो." आणि व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

समितीच्या बैठकीत कुंटे सरांनी तो उजेडात धरून फिरवला. मी पेपर-निवडीचा फॉर्म वाचत होते. "सर, रकाना आहे, 'काम नावीन्यपूर्ण आहे का?'"

"लिहा, हो. इतका गळका दुसरा सापडायचा नाही."

पण मग सरांनी तन्वीरला जवळ बोलावून सांगितलं, "वडिलांच्या शेजारी बसून लिही. आणि त्यांचं नाव आधी." दोन झाले.

*

मुदत संपत आली, तिसरा येईना. समितीच्या जेवणात मी चिडले. "एवढं मोठं पुणं, एवढी कॉलेजं, आणि चूक कबूल करायला माणूस मिळू नये!"

कुंटे सर कोशिंबीर वाढून घेत होते. "तुमच्या त्या बलूनचं काय झालं होतं हो?"

मी पटकन पापडाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आमच्या टीमने मोठ्या फुग्याखाली यंत्रांची पेटी बांधून आकाशात सोडली होती. पेटीला लाल पट्टीची एक पिन असते. सोडण्याआधी ती ओढली की आतला ट्रान्समीटर सुरू होतो. आमच्याकडे वरून एक अक्षरही आलं नाही. रिपोर्टात मी लिहिलं, 'बॅटरीत बिघाड.' बॅटरी ऋचाकडे होती. वर्षभर तिने टोमणे खाल्ले.

बॅटरी ठणठणीत होती. पिन मी ओढलीच नव्हती. आणि वेळ वाचावा म्हणून चेकलिस्टच्या सगळ्या चौकटींत आदल्या दिवशीच टिक करून ठेवली होती. 'पिन काढली' हीसुद्धा. 'सिग्नल आला' हीसुद्धा!

त्याच दुपारी ऋचाला फोन केला. सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "पेटी उसाच्या शेतात सापडली तेव्हा तू घाईघाईने लाल पट्टी ओढून खिशात कोंबलीस, ते मी पाहिलं होतं. तू कधी बोलतेस याची वाट बघत होते. पेपर कधी पाठवतेस?"

*

आमच्याकडे परीक्षकांना लेखकाचं नाव दिसत नाही. माझ्या पेपरवर एकाने लिहिलं, 'चूक साधी आहे. लपवली कशी, ते सविस्तर लिहावे.' दुसऱ्याने लिहिलं, 'चेकलिस्टचा फोटो जोडावा. सही झाकू नये.'

जोडला. झाकली नाही. तीन झाले!

*

आम्हाला सगळ्यात छोटा हॉल मिळाला. खुर्च्या चाळीस, माणसं पायऱ्यांवर. इंजिनवाल्याने स्फोटाचा व्हिडिओ दोनदा दाखवला. अब्बूंचा व्हॉल्व्ह हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आला.

मग मी. ऋचा समोरच बसली होती. पडद्यावर चेकलिस्ट, खाली माझी सही. मी म्हटलं, "बॅटरी चांगली होती. चूक माझी होती." पुढचं काय बोलले, आठवत नाही.

"प्रश्न?" सूत्रसंचालकाने विचारलं.

मग एक बाई माइकपाशी आल्या. "प्रश्न नाहीये. आमच्याही लॅबमध्ये एकदा…"

त्यांच्या मागे एक जण उभा राहिला. त्याच्या मागे आणखी दोघं. बघता बघता रांग दारापर्यंत गेली. बाहेर जेवण सुरू झालं, तरी कुणी हलेना.

तेवढ्यात कुंटे सर आत आले. मला वाटलं, सत्र बंद करायलाच आले. मी धावत गेले. "सॉरी सर, उशीर झाला. आवरतेच."

सर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. "आवरता कशाला? माझा नंबर यायचाय."