बैलाच्या चालीचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या आगमनाने चिखलीची शेती बैलाच्या युगातून यंत्राच्या युगात गेली, असं आमच्या सोसायटीचे चेअरमन दर सभेत सांगत. मी सोसायटीचा चिटणीस, त्यामुळे ते वाक्य दर सभेत लिहून घ्यावं लागे. प्रत्यक्षात पेरणीच्या वेळी तो ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल ठरलेल्या खुणेवर ठेवून, बरोबर बैलाच्या चालीने चालवला जाई. कारण त्याच्यामागे आमची जुनी लाकडी पाभर जोडलेली असे आणि पाभरीमागे माझी आत्या चालत असे.

पाभरीवर चाडं असतं, म्हणजे लाकडी वाटी. चालता चालता तिच्यात मुठीने बी सोडायचं. मूठ सैल पडली की पीक दाट, आवळली की विरळ. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरात तिला कुणी फारसं विचारत नसे. पण पेरणी आली की निम्मं गाव तिला बोलवायला आमच्या दारात उभं राही. बैल होते तेव्हा ती त्यांच्या पावलांवर बी सोडी. ट्रॅक्टर आल्यावर इंजिनाच्या ठोक्यांवर सोडू लागली. युग बदलल्याचा एवढाच परिणाम तिच्यावर झाला.

मग मागची टायरं झिजली. चेअरमननी खडकीच्या भंगारातून दुसरी चाकं रिंगसकट आणली, जुन्यांपेक्षा वीतभर उंच. ती बसवल्यावर ट्रॅक्टर पुढून किंचित वाकलेला दिसू लागला, मंत्र्यांसमोर उभं राहिल्यासारखा. हार घातले, नारळ फुटला, भाषण झालं. चाकं मोठी तेवढी प्रगती मोठी, असा त्याचा सारांश होता.

बाजरीच्या पेरणीला पहिली फेरी संपता संपता आत्याला धाप लागली.

“आरं, जरा हळू हाण की रं!”

“आत्याबाई, त्योच गेर हाय,” ड्रायव्हर मागे वळून म्हणाला. “इंजानाचा आवाज ऐका. बदललाय का?”

आवाज खरंच बदलला नव्हता. आत्या म्हणाली, “मंग माझंच पाय थकलं म्हनायचं.” आणि पदर खोचून तशीच चालत राहिली.

बाजरी उगवली ती अशी, की दोन रोपांमधून कोंबडीने पिलांसकट फिरावं. सभा भरली. चेअरमन म्हणाले, “आत्याबाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. पण वयोमान कुणाला चुकलंय? जोंधळ्याला आमच्या सूनबाई मूठ धरतील.”

मागून कुणीतरी म्हणालं, “सूनबाईंनी चाडं बगितलंय का कदी?” लोक हसले, पण आत्याच्या बाजूने कुणी बोललं नाही. बोलणार तरी काय? बाजरी समोर उभी होती.

मी घरी येऊन सांगितलं. आत्याने वाद घातला नाही. बी बांधायचं फडकं धुतलं, घडी करून पेटीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन चालायला लागली.

श्रावणात एकदा ड्रायव्हर चिंचवडहून माल घेऊन आला आणि फुशारक्या मारू लागला. “लई पायगुनाची चाकं, राव! पैल्या गेरात बी बैलगाड्या माग पडत्यात.”

“थ्रॉटल वाढवलास का?”

“न्हाई ओ. खुनंवरच हाय की.”

मला शंका आली. गोदामात जुनं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. आम्ही त्याच्यावर खडूने खूण करून ते अंगणात एक फेरा गडगडवलं. मग नव्या चाकावर तशीच खूण करून ट्रॅक्टर एक फेरा पुढे नेला. नवं चाक चांगली एक ढांग पुढे गेलं. इंजिन तेवढंच फिरत होतं, चाकही तेवढेच फेरे घेत होतं. फक्त प्रत्येक फेऱ्यात ढांगभर जास्त जमीन मागे पडत होती. ठोके तेच, मूठ तीच, तेवढंच बी जास्त लांब ओळीवर पसरलेलं.

ड्रायव्हर खडूची खूण बघत म्हणाला, “आयला, म्हातारीला पळीवलं की आपुन.”

आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

“म्हंजी माझं पाय थकलं न्हाईत?”

“नाही, आत्या.”

“मंग येवढं दिस उगाच काठी घिऊन फिरले की रं मी!”

चेअरमननी चूक कबूल केली नाही. पेरणीला जुनी चाकं आणि वाहतुकीला नवी, अशी दूरदृष्टीची योजना मात्र त्यांनी सभेत मांडली, आणि ती एकमताने मंजूर झाली. जोंधळ्याच्या पेरणीला झिजक्या चाकांना हार पडले, नारळ फुटला, अनुभवाच्या थोरवीवर भाषण झालं. आत्या फडकं बांधून चाड्याशी उभी होती. भाषण संपेपर्यंत तिने दोनदा ड्रायव्हरला इंजिन सुरू करायची खूण केली.

त्याच आठवड्यात बाजरीची मळणी झाली. विरळ रोपांना फुटवे जास्त आले होते. धान्याचा उतारा दरसालइतकाच पडला.