सांकोरेचं सारवण

आधीच सांगते, असे अनुभव वाचून हसणाऱ्यांतलीच मी. त्यामुळे तुम्ही हसलात तरी चालेल...

हायडेलबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर अमादू राहतो. मूळचा टिंबक्टूचा, माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करतो. त्याच्या गावची सांकोरे मशीद म्हणजे शेकडो वर्षांचं विद्यापीठच, पण सगळी मातीची. भिंतींतून लाकडी दांडके बाहेर आलेले. त्यांवर चढून गवंडी तिला लेप देतात. त्याचे वडील त्यांतलेच. जर्मनीला निघताना त्यांनी त्याला मशिदीची हातभर प्रतिकृती करून दिली होती, मातीचीच.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. अमादूचा आउफेन्टहाल्ट्सटिटेल, म्हणजे राहण्याचा परवाना, नेमका तेव्हाच अडकलेला. बिचाऱ्याला मातीला जाता आलं नाही. बाबा रागावूनच गेले असतील, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्यात हायट्सुंगच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या हीटरच्या, कोरड्या हवेनं प्रतिकृतीला भेगा पडल्या.

माझी आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. ती प्रतिकृती वर आमच्याकडे आणून मी तिला एवढंच सांगितलं, की हे त्याच्या वडिलांनी केलंय. ती म्हणाली, त्यात काय, सारवू की. बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून, पिशवीतली माती आणली तेव्हा आई पोट धरून हसली — माती विकत! शेण कुठलं मिळायला? सशांसाठी विकतात तो बारीक पेंढा घातला. तिनं बादलीत हात घातला आणि मला आमचं अंगण आठवलं... सारवलेल्या ओल्या जमिनीवर पाय दिला म्हणून खाल्लेला धपाटासुद्धा. फार बरं वाटलं.

पण आई लगेच लावेना. बादली बाल्कनीत दिवसेंदिवस तशीच, वास मारायला लागली तरी! शेवटी एका दुपारी ती लेप द्यायला बसली. वास येताच अमादू दारात थबकला. त्याचे वडील माती अशीच कुजवायचे. हे तिला कुणी शिकवलं, असं त्यानं मला विचारायला लावलं.

"ते बाबा येऊन बसतात ना इथं बाल्कनीत, त्यांनीच. एक पाय लांब करूनच बसतात, गुडघा वाकत नाही त्यांचा."

मी जर्मनमध्ये सांगितलं. अमादू खुर्चीत बसलाच. वडील तरुणपणी दांडक्यावरून पडले होते, गुडघा तेव्हापासून तसाच. मला हे माहीत नव्हतं, मग आईला कुठून असणार?

"कुठल्या भाषेत बोलतात गं?" मी विचारलं.

"मराठीतच की."

अमादूनं एकच विचारलं — ते रागावलेत का?

आईचा हात थांबला नाही. "रागावलेलं माणूस इतकं जवळ बसून शिकवेल होय?"

मी भाषांतर केलं. अमादू खूप वेळ रडला, आणि मीही.

भास म्हणावा तर गुडघ्याचं काय, मातीचं काय? मला आजही कळलेलं नाही. साताऱ्याला परत निघताना आई म्हणाली, "त्या बाबांना माझा नमस्कार सांग."

ते हयात नाहीत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.