पायरीखालची बाटली

पौडच्या दवाखान्यातले हैबतराव डॉक्टर म्हणजे बडं प्रस्थ. फटकळ, पण जीव लावणारे. महारवाड्यातला एक पोरगा डॉक्टरी शिकून आला, तेव्हा बाकीच्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. ह्यांनी मात्र त्याला हाताशी धरलं. जखम शिवायची कशी, छाती तपासायची कशी, सगळं शिकवलं. "हात हलता कामा नये. थेंब सांडला तर माझ्याशी गाठ आहे!" ही रोजची तंबी.

फक्त एक केलं. पोराचं नाव सावळा. हैबतराव म्हणाले, "हे नाव ऐकलं की लोक जात काढणार, अन् दवाखाना ओस पडणार. आजपासून तू श्यामराव. घरच्यांची ओळख इथं दाखवायची नाही. लोकांचा विश्वास बसू दे, मग बघू." सावळा खाली मान घालून "बरं, साहेब" म्हणाला. आणि हैबतराव आपल्याच शहाणपणावर खूश!

विश्वास बसला की हो! रिहे गावच्या तुळजाबाई पाटलीण तर नातवाला श्यामरावांशिवाय कुणाला हात लावू देईनात. ते "मग बघू" तेवढं राहूनच गेलं.

पुढं धरणापायी सावळ्याचं गाव उठलं आणि त्याची आई भागूबाई जवळच्या माले गावात बहिणीकडं राहायला आली. तिथं हिवतापानं तिला धरलं. एका सकाळी ती दवाखान्यापुढं येऊन उभी राहिली, पायरीखाली. महारवाड्यातल्या माणसांनी अंगणातच थांबायचं, बाटली आपली आणायची आणि औषध वरून ओतून घ्यायचं, असा तिथला रिवाज. होय, हैबतरावांच्याच दवाखान्यातला!

हैबतरावांनी तिला ओळखलं. पोराला इथं आणून सोडताना हीच बाई म्हणाली होती, "आता तुमीच ह्याचे मायबाप."

बाकावर तुळजाबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. सावळ्यानं आईकडं पाहिलं, मग हैबतरावांकडं. विचारतच होता तो. हैबतरावांची नजर तुळजाबाईंकडं गेली आणि त्यांनी हळूच मान हलवली. नाही.

"नाव काय, बाई?" सावळ्यानं विचारलं.

"भागू."

"थंडी वाजून ताप येतो?"

"व्हय, सायेब."

तुळजाबाईंना कणव आली. "अगं, येवढ्या तापात येकटीच आलीस? लेकबाळ कुनी न्हाई का?"

भागूबाईनं पदर पुढं ओढला. "न्हाई जी. कुनीबी न्हाई."

सावळा पायरीवर आला. आईनं बाटली वर धरली. तिचा हात तापानं लटलट कापत होता. त्याचा जराही हलला नाही. थेंबसुद्धा न सांडता औषध बाटलीत पडलं आणि ती आल्या वाटेनं निघाली.

"काय हात हाय श्यामरावांचा!" तुळजाबाई म्हणाल्या. "डॉक्टर, लई चांगला घडवलाय तुमी."

हैबतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराला जपतोय म्हणून इतके दिवस मिरवत होते. जपलं होतं ते आपल्या दवाखान्याला. अशी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. तुळजाबाई नातवाला घेऊन अंगणात उतरल्या, तसे ते उठून सावळ्याजवळ गेले. तो औषधाचा पेला धूत होता.

"सावळा, जा रे बाबा. आई अजून लांब गेली नसेल."

सावळ्यानं पेला पुसून जागेवर ठेवला.

"श्यामराव म्हणा, साहेब," तो हळूच म्हणाला. "बाहेर माणसं आहेत."